येझदी कोणी संपवली?

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातील बाजाराच्या गर्दीतून एखादी जुनी येझदी जाऊ लागली, तर ती दिसण्यापूर्वी ऐकू येते. तेथून फार दूर नसलेल्या यादवगिरीत ‘आयडियल जावा’चा कारखाना होता. मुंबईच्या इराणी कुटुंबाने चेकोस्लोव्हाकियातील जावाच्या सहकार्याने तो १९६१ मध्ये सुरू केला. १९७३ मध्ये गाडीला येझदी हे नाव मिळाले, १९७८ मध्ये रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले.

प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोकचा बळी घेतला, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. या इंजिनात दट्ट्याच्या प्रत्येक दुसऱ्या फेरीला स्फोट होतो, झडपांचा पसारा नसतो. म्हणून ते हलके, स्वस्त आणि चपळ. परंतु ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराड्यावाटे निसटतो आणि पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलही जळते. त्यातूनच तो निळसर धूर.

हा दोष सर्वांनाच ठाऊक होता. फरक पडला तो संशोधनाने. म्हैसूरचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी पूर्व जर्मनीच्या एमझेड संघाचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेत पळाला आणि धुराड्याच्या रचनेचे ज्ञान घेऊन सुझुकीत गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचे जागतिक विजेतेपद मिळवले. जपानी कंपन्यांनी ही विद्या पुढे नेली. जागतिक शर्यतींत १२५ सीसी गटात टू-स्ट्रोक २०११ पर्यंत टिकले.

आपल्याकडे मात्र परवान्यांच्या भिंतीआड नवे काही करण्याची निकडच नव्हती. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली. तिच्या ९८ सीसी इंजिनातून ११ अश्वशक्ती मिळे. येझदीचे २५० सीसी त्याच्या दुप्पटही देत नव्हते. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरील शर्यतींतही या छोट्या गाडीने आपला दरारा निर्माण केला. त्याच वर्षी आलेल्या चार-स्ट्रोक हीरो होंडा सीडी १०० ने पेट्रोलच्या हिशेबात दोघींनाही मागे टाकले. मध्यमवर्गाने वेग नव्हे, खर्च पाहिला. त्याला दोष कसा द्यावा? १९९१ नंतर टप्प्याटप्प्याने कडक झालेल्या उत्सर्जन-मर्यादा या पडझडीनंतरच्या. १९९६ मध्ये आरएक्स १०० चेही उत्पादन थांबले.

रोजगार मात्र म्हैसूरचा गेला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे बाजारात परतली, ती चार-स्ट्रोक इंजिने घेऊन; आणि त्या गाड्या तयार होतात मध्य प्रदेशातील पीथमपूरला.