दार लावलं तर चालेल का? खाजगीपणा मोजण्याची गोष्ट

धुळ्याची माझी आत्या पुण्यात ज्येष्ठांच्या सोसायटीत फ्लॅट घ्यायचा विचार करतेय. देवपुरातलं घर दुमजली, जिना आता झेपत नाही, मुलगा हिंजवडीला. पुण्यात ‘अथश्री’सारखे खास ज्येष्ठांसाठीचे प्रकल्प बऱ्याच वर्षांपासून आहेत, त्यामुळे खानदेशातली बरीच घरं सध्या हाच हिशोब करताना दिसतात. असाच एक प्रकल्प बघायला मीही सोबत गेले होते. तिथल्या मुलाने लिफ्ट, रॅम्प, बाथरूममधली धोक्याची घंटा, सगळं हौसेनं दाखवलं. शेवटी आत्याने विचारलं, “मी दुपारी दार लावून दोन तास पडले, तर कोणी बेल वाजवेल का?” तो म्हणाला, “वाजवणारच काकू! आमचं सगळ्यांकडे लक्ष असतं.” आत्याचा चेहराच उतरला.

त्याला वाटलं, बाईंना काळजी हवीय. तिला हवा होता खाजगीपणा. तुम्ही या विषयावर सिनॉप्सिस लिहिणार असाल तर ही गफलत आधी समजून घ्या. नाहीतर प्रश्नावलीत ‘तुम्हाला पुरेसा खाजगीपणा मिळतो का? हो/नाही’ असा प्रश्न येतो, शंभर जण ‘हो’ म्हणतात आणि हातात काहीच लागत नाही.

अर्विन ऑल्टमन या पर्यावरण-मानसशास्त्रज्ञाने 1975 च्या पुस्तकात खाजगीपणाची व्याख्या वेगळी केली. एकटं राहणं म्हणजे खाजगीपणा नाही. आपल्यापर्यंत कोण, कधी, किती पोहोचणार, हे आपल्या हातात असणं म्हणजे खाजगीपणा. हवा तेवढा आणि मिळतो तेवढा, या दोन्हींत फरक पडला की त्रास. कमी मिळाला तर गर्दी वाटते, जास्त मिळाला तर एकटेपणा. म्हणजे मोजायच्या गोष्टी दोन आहेत, आणि तुमच्या प्रश्नावलीत बहुतेक वेळा एकच असते.

आता शब्द. ‘खाजगीपणा’ आपण सिनॉप्सिसमध्ये लिहितो, घरात कोण बोलतं? घरात आडोसा असतो, एकांत असतो, मोकळीक असते. आडोसा नजरेपासून, एकांत माणसांपासून, मोकळीक जाब विचारण्यापासून. आत्याला तिसरी हवी होती. म्हणून पायलट स्टडीत हे तिन्ही शब्द वेगवेगळे विचारून बघा. उत्तरं वेगळी आली तर तुमचा ‘खाजगीपणा’ हा एक चल नाही, तीन आहेत.

काही भाग मात्र सरळ मोजता येतो. आवाजाचंच घ्या. नऊ इंची विटांच्या भिंतीतून जाताना आवाज साधारण 50 डेसिबलने कमी होतो. पण त्या भिंतीच्या क्षेत्रफळातला फक्त 1 टक्का भाग उघडा राहिला, म्हणजे दाराखालची फट किंवा वरचा झरोका, तर ही घट 20 डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही (10 लॉग 100, बारावीचं गणित). साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं. उरले 40. शांत दुपारी पॅसेजमध्ये सासू-सुनेचा फोन आरामात ऐकू जाईल. घर घेणारे भिंत ठोकून बघतात, खरं तर बघायला हवी फट.

पुण्याची प्रश्नावली तशीच उचलून जळगावला वापरायची असेल तर आणखी एक अडचण. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या वर जातो आणि घराघरांत कूलर लागतात. कूलर आत दमट हवा ढकलतो. तिला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसता चिकचिकाट होतो. वन रूम किचनमध्ये ती वाट बहुतेक वेळा पॅसेजचं दारच असते. म्हणजे डिसेंबरात ‘भरपूर आडोसा आहे’ म्हणणारे आजोबा मे महिन्यात सताड उघड्या दारात बनियनवर बसलेले असतात. तुम्ही सर्व्हे कोणत्या महिन्यात केला, हे प्रबंधात लिहा. माझ्या मते ते वय आणि शिक्षणाइतकंच महत्त्वाचं आहे.

केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या, महारेरानेही 2024 मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी सूचना केल्या. रुंद दारं, रॅम्प, आधाराचे दांडे या गोष्टी टेप घेऊन तपासता येतात. दुसरी किल्ली कोणाकडे आणि ती कधी वापरायची हे कोण ठरवणार, हे तिथे राहणाऱ्यांनाच विचारावं लागतं.

आणि विचाराल कुठे? हॉलमध्ये, मुलगा शेजारी, सून चहा घेऊन उभी. तिथे मिळालेलं उत्तर हॉलचं असतं, आजींचं नसतं. त्यांना ओट्यावर बसवा, गच्चीवर न्या, मंदिरापर्यंत सोबत चाला. मुलाखत एकांतात झाली की नाही, यासाठी नोंदवहीत एक रकाना ठेवाच.

आत्याने अजून बुकिंग केलेलं नाही. पुढच्या वेळी ती दुपारी दोनला जाणार आहे, आणि तिथल्या चार बायकांशी बोलताना मला खाली थांबायला सांगितलंय.