शंभर पेशींची मोजदाद

केमोच्या सकाळी लॅबच्या खिडकीवर सगळ्यांना एकच घोर असतो: काउंट पुरेसे आले का? कमी आले तर केमो पुढे जाते आणि बाहेरगावच्या माणसाचा मुक्काम वाढतो. त्यामुळे काउंट चांगले आले की रिपोर्टकडे पुन्हा कुणी वळूनही बघत नाही. मी हल्ली बघते.

जांभळ्या बुचाची ट्यूब मशिनमधून निघते. मशिनला शंका आली तर काचपट्टीवर थेंब ओढून स्मिअर करायचा. सुकला की वर लीशमन स्टेन, दोनेक मिनिटांनी बफर, मग दहा मिनिटं गप्प बसायचं. घाई केली की रंग धरत नाही आणि पुढे डोळ्यांचे हाल होतात. तेलाचा थेंब टाकून शंभराची लेन्स फिरवली की न्यूट्रोफिल लगेच ओळखू येतो: जांभळं केंद्रक तीन-चार तुकड्यांत, मध्ये बारीक धागे. लिम्फोसाइटचं केंद्रक गोल, गच्च. भोवती निळसर काठ. बोटं काउंटरच्या बटणांवर. शंभर पेशी भरल्या की टिंग.

न्यूट्रोफिल 78, लिम्फोसाइट 12. भागाकार साडेसहा. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटचं हे गुणोत्तर म्हणजे एनएलआर, शरीरातल्या दाहाची एक ढोबळ खूण. निरोगी माणसात तो साधारण 1 ते 3 असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य आणि पोषण सर्वेक्षणातल्या कॅन्सर झालेल्या लोकांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा हा आकडा चढा असलेल्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यूही जास्त दिसले. तेवढ्यावरून दाहाला दोषी ठरवता येत नाही. पण 2017 साली ‘कॅन्टोस’ चाचणीत, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी 2 किंवा त्याहून जास्त असलेल्या दहा हजारांवर रुग्णांत दाह कमी करणारं कॅनाकिनुमॅब वापरून पाहिलं. कोलेस्टेरॉल जैसे थे राहिलं, तरी पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण घटलं. फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यूही कमी झाले. जीवघेणे संसर्ग मात्र वाढले. फुकट काहीच मिळत नाही.

तरी हृदयाची खरी तपासणी टूडी एको, ट्रोपोनिन, बीपी, शुगर यांचीच. एनएलआर फार तर हाक मारतो, आणि तीही कधी कधी खोटी. उलटी होऊ नये म्हणून दिलेलं डेक्सामेथासोन, म्हणजे डेक्सा, न्यूट्रोफिल चढवतं, लिम्फोसाइट उतरवतं. काउंट वाढवायचं इंजेक्शन तर त्यासाठीच असतं. फॉर्मवरचा औषधांचा रकाना बहुतेक वेळा कोरा. मग वॉर्डात फोन.

“सिस्टर, बेड अकराला डेक्सा कधी दिलं?”

“काल रात्रीच की. का गं?”

म्हणजे हे साडेसहा सध्या हिशेबातच धरायचे नाहीत.