झिजलेल्या पात्याची किंमत

अमेरिकेत घडीचे जुने चाकू जमवणाऱ्यांच्या बाजारात एक अलिखित नियम आहे: ज्या चाकूने कधी काहीच कापले नाही, त्याला भाव सर्वांत जास्त. पाते दगडावर एकदाही घासलेले नसावे, मुठीला तडा नसावा, पोलादावरची कारखान्यातली झिलई शाबूत असावी. धार लावून पाते थोडे जरी अरुंद झाले, तरी किंमत झपाट्याने उतरते. तिकिटे आणि नाणी जमवणाऱ्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. पण चाकू हे अवजार आहे, आणि कोरे अवजार म्हणजे ज्याला कधी कामच मिळाले नाही असे अवजार. या छंदाचे खरे मोल एका साध्या गोष्टीत आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा अमेरिकी माणूस रोज हाताने काय काय करत होता, याचा इतका स्वस्त, इतका टिकाऊ आणि इतक्या मोठ्या संख्येने उरलेला पुरावा दुसरा क्वचितच सापडेल. त्या कसोटीवर बाजाराचा नियम अर्धवट ठरतो.

हे चाकू साधे असतात. मुठीच्या पाठीत एक पट्टीसारखी स्प्रिंग असते. तिच्या दाबावर पाते उघडे राहते आणि त्याच दाबावर मिटते. पाते अडकवून ठेवणारा खटका नसतो. ही विद्या अमेरिकेत आली इंग्लंडमधल्या शेफील्डहून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथले कारागीर कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क या राज्यांत येऊन कारखान्यांत रुजू झाले. न्यूयॉर्क राज्यातले वॉल्डन हे छोटे गाव त्यातूनच चाकूंचे गाव बनले. तरीही शेफील्डच्या स्वस्त आणि नावाजलेल्या मालापुढे देशी कारखान्यांना बराच काळ झगडावे लागले. 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने आयात चाकूंवर जबर जकात बसवली, तेव्हा पारडे फिरले. त्याच कायद्याने परदेशी मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे 1891 पासून बंधनकारक केले. म्हणून पात्यावर ‘इंग्लंड’ हा शब्द आहे की नाही, यावरून आयात चाकूच्या काळाचा अंदाज बांधता येतो. एका करकायद्याची खूण अशी बोटभर पोलादावर उरली आहे.

पात्यांचे आकार त्याहून बोलके आहेत. ‘स्टॉकमन’ हा गुरे पाळणाऱ्यांचा चाकू घ्या. त्यात बहुधा तीन पाती असतात. टोकदार ‘क्लिप’ पाते रोजच्या सटरफटर कामांसाठी. सरळ धारेचे, बोथट नाकाचे ‘शीपफूट’ पाते खूर तासण्यासाठी आणि सरळ काप घेण्यासाठी. तिसरे ‘स्पे’ पाते जनावरांच्या खच्चीकरणासाठी. त्याचे टोक मुद्दाम गोलसर ठेवतात, म्हणजे जनावर उसळले तरी टोक भलतीकडे घुसत नाही. ‘ट्रॅपर’मध्ये दोन लांब पाती असतात आणि नावाप्रमाणे तो फासेपारध्यांचा, कातडी सोलण्याच्या कामाचा. डॉक्टरांच्या चाकूची मूठ एका टोकाला सपाट असते, कारण गोळ्या तिथे दाबून कुटायच्या. अमेरिकी सैन्याच्या संदेश विभागाच्या ‘टीएल-29’ या चाकूत पात्याशेजारी पेचकस आला, आणि त्या पेचकसाला मात्र अडकवून ठेवणारी पट्टी द्यावी लागली, कारण स्क्रू पिळताना तो मिटला तर बोटे सापडणार. मांडणीतल्या अशा प्रत्येक फरकामागे एखाद्या धंद्याची गरज उभी आहे. हे आकार ओळीने मांडले, तर कुरणावरची गुरे, जंगलातले सापळे आणि तारांचे जाळे असा अमेरिकी श्रमाचा प्रवासच मांडल्यासारखे होते.

पात्याच्या बुडाशी ठोकलेला शिक्का हा या अभ्यासाचा कणा. मात्र शिक्क्यावरचे नाव नेहमी बनवणाऱ्याचे असतेच असे नाही. ‘कीन कटर’ हे सेंट लुइस शहरातल्या सिमन्स हार्डवेअर या घाऊक व्यापारी पेढीचे नाव होते. अशा पेढ्या वेगवेगळ्या कारखान्यांकडून माल करून घेत आणि स्वतःच्या नावाने गावोगावच्या दुकानांत पोचवत. म्हणजे शिक्का कधी कारखान्याचा पत्ता सांगतो, तर कधी व्यापाराचे जाळे. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीने तर वाचनाची सोयच करून ठेवली. तिच्या 6254 या क्रमांकात 6 हा आकडा सहसा हाडाच्या मुठीचा, 2 हा पात्यांच्या संख्येचा आणि 54 हा ट्रॅपरच्या साच्याचा. 1970 मध्ये तिने शिक्क्याखाली दहा ठिपके घातले आणि दरवर्षी एक कमी करत नेला. त्यामुळे त्या दशकातला तीन ठिपक्यांचा चाकू 1977 चा, हे कोणालाही सांगता येते.

मुठींची कहाणी थेट भारतापर्यंत येते. स्वस्त चाकूंना गुरांच्या नडगीच्या हाडाच्या, खाचा पाडून रंगवलेल्या मुठी असत. महागड्या चाकूंना शिंगाच्या, आणि त्यातही मान होता भारतातल्या सांबरशिंगाला. मेळघाट-ताडोबातही दिसणाऱ्या या हरणाची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. त्यांचा गाभा भरीव आणि साल खडबडीत असल्यामुळे पकड पक्की बसते. गेल्या शतकाच्या अखेरीस भारताने गळलेल्या शिंगांच्याही निर्यातीला आळा घातला, कारण गळलेले शिंग आणि मारलेल्या जनावराचे शिंग यांत व्यापारात भेद राखणे कठीण. हा निर्णय योग्यच होता. त्याचा परिणाम असा, की जुने सांबरशिंग अमेरिकी संग्राहकाला आज दुर्मिळ झाले आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की हा शस्त्रांचा शौक आहे. चाकूने इजा होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण अमेरिकी कायद्यानेच 1958 मध्ये कळ दाबताच उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापाराला बंदी केली, तेव्हा नखाने खाचेत धरून उघडायचा हा चाकू वगळला. जे पाते भोसकताना बोटांवरच मिटू शकते, ते शस्त्र म्हणून गैरसोयीचे. मार्क ट्वेनच्या 1876 च्या कादंबरीत टॉम सॉयरला बायबलमधली वचने पाठ केल्याबद्दल ‘बार्लो’ चाकू बक्षीस मिळतो. मुलाच्या हाती सहज देण्याची ती वस्तू होती. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: आज कंपन्या संग्राहकांसाठीच चाकू बनवतात, मग हा इतिहास की स्मरणरंजनाचा धंदा? रेमिंग्टन कंपनीने आपला गाजलेला ‘बुलेट’ चाकू 1982 मध्ये पुन्हा काढला तो याच हिशेबाने. यातला धंदा खराच आहे. पण चाकू बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांपैकी इंपीरियल श्रेड 2004 मध्ये, कॅमिलस 2007 मध्ये आणि क्वीन 2018 मध्ये बंद पडली. अशा काळात ग्रेट ईस्टर्न कटलरी 2006 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला सुरू झाली आणि जुन्या साच्यांचे चाकू थोड्या थोड्या संख्येने बनवू लागली. स्प्रिंगचा ताण जुळवणारे हात उरले ते या गिऱ्हाइकांमुळे. नवा चाकू जुन्या काळाचा पुरावा नव्हे, एवढे भान ठेवले म्हणजे झाले.

खरा कस लावतो तो तिसरा आक्षेप: कोरा चाकू नसेल, तर मूळ आकार कळणार कसा? पाते घासून अरुंद झाले की कुठला साचा ते ओळखू येत नाही; नकली शिक्के ठोकणारे आणि दोन मोडक्या चाकूंचा एक करणारेही याच गोंधळाचा फायदा घेतात. हे म्हणणे मान्य करायलाच हवे. कोरा चाकू हे प्रमाण-माप आहे. पण माप हे मोजण्यासाठी असते. कोऱ्या स्टॉकमनशेजारी वापरलेला ठेवला, तरच दिसते की क्लिप पाते अर्धे झिजले आणि स्पे पाते जवळपास तसेच राहिले. म्हणजे मालकाने गुरांसाठीचा चाकू घेतला तरी तो बहुतेक दोऱ्या आणि काड्या कापत बसला असावा. कारखान्याने कल्पिलेले काम आणि प्रत्यक्ष झालेले काम यांतला फरक कोऱ्या पात्यावर कधीच सापडणार नाही.

म्हणून या छंदात पडणाऱ्याने एकाच साच्याचे दोन चाकू घ्यावेत: परवडेल तितका कोरा एक आणि मनसोक्त वापरलेला एक. वापरलेला चाकू चकचकीत करण्याचा मोह टाळावा. कार्बन पोलादावर चढलेली निळसर-करडी छटा गंज नव्हे, आणि घासाघाशीत शिक्का पुसट झाला की चाकूची ओळखच जाते. तेलाचा हलका हात पुरे. चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवू नये, पाते गंजते. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू वेगळे ठेवावेत. तो पदार्थ कुजू लागला की त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारच्या पोलादालाही खाते. आणि वापरलेला चाकू विकत घेताना त्यासोबत एवढे जरूर विचारून लिहून ठेवावे: तो कुठल्या गावातून आला, आणि ज्याच्या खिशात होता तो माणूस काय काम करत होता.