अमिगावन

अमिगावन हे कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकाचे उत्तराधिकारी म्हणून निर्माण झालेल्या संगणकांचे व मदरबोर्डांचे नाव होय. मूळ अमिगा १९८५ मध्ये बाजारात आला. त्यात मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर होता. १९९४ मध्ये कमोडोर दिवाळखोरीत गेली. तथापि वापरकर्त्यांचा एक लहान पण चिवट वर्ग टिकून राहिला.

प्रोसेसरचा प्रश्न

१९९७ च्या सुमारास जुन्या अमिगात बसवता येणारी पॉवरपीसी प्रोसेसरची कार्डे मिळू लागली. ॲपलही त्या काळी हेच प्रोसेसर वापरत असल्याने ही दिशा शहाणपणाचीच मानावी लागेल. मात्र २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे वळण्याचे जाहीर केले आणि घरगुती संगणकांसाठी पॉवरपीसी चिप बनवण्याचे मोठे कारणच उरले नाही. त्यानंतरचा अमिगावनचा इतिहास हा मुख्यतः योग्य चिपच्या शोधाचा इतिहास आहे.

पहिले अमिगावन बोर्ड आयटेक या ब्रिटिश कंपनीने २००२ पासून विकले. त्यांची मूळ रचना माय लॉजिक या कंपनीची होती. ती कंपनी बंद पडली आणि आयटेकनेही हा व्यवसाय सोडला. ज्या अमिगाओएस ४.० साठी हे बोर्ड घेतले गेले, तिची पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००६ मध्ये आली. प्रणाली तयार, पण ती चालवायला विक्रीस नवे यंत्र नाही, अशी विचित्र अवस्था झाली.

पुढे ए-इऑन कंपनीने एक्स१००० साठी पी.ए. सेमी या कंपनीचा वेगवान पीए६टी प्रोसेसर निवडला. ही कंपनी ॲपलने २००८ मध्येच सुमारे २७ कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतली होती. ॲपलला तिचे अभियंते हवे होते, हा प्रोसेसर नव्हे. त्यामुळे चिपचा साठा मर्यादितच राहिला. त्यानंतरच्या एक्स५००० मध्ये दूरसंचार व नेटवर्क उपकरणांसाठी बनवलेला पी५०२० हा प्रोसेसर आहे. त्यात दोन गाभे असले तरी अमिगाओएस ४.१ त्यांपैकी एकच वापरते.

स्वस्त बोर्ड म्हणून योजलेल्या ए१२२२ ची अडचण अधिक बोधप्रद आहे. त्याच्या पी१०२२ या प्रोसेसरमध्ये दशांश अपूर्णांकांच्या आकडेमोडीचा नेहमीचा पॉवरपीसी विभागच नाही. जुन्या प्रोग्रामांतील अशा आज्ञा सॉफ्टवेअरकडून करवून घ्याव्या लागतात आणि त्यात वेग बराच घटतो. हे बोर्ड अनेक वर्षे रखडले.

किंमत व पर्याय

बोर्डाची आखणी, नमुने व चाचण्या यांचा खर्च नगांच्या संख्येवर अवलंबून नसतो. तो थोड्याच ग्राहकांत विभागला गेल्याने ही यंत्रे साध्या पीसीपेक्षा कितीतरी महाग पडतात. मॉर्फओएसच्या निर्मात्यांनी ॲपलचे जुने पॉवरपीसी संगणक वापरून हा खर्चच टाळला. एआरओएस तर साध्या पीसीवर चालते. व्हॅम्पायर कार्डांत ६८००० कुळातील प्रोसेसर एफपीजीए चिपमध्ये नव्याने घडवला आहे. त्यामुळे जुने प्रोग्राम थेट चालतात, परंतु पॉवरपीसीसाठी लिहिलेली अमिगाओएस ४ त्यावर चालत नाही.