बारावीचं गणित: ‘समजलं’ आणि ‘सुटलं’

खोपोलीहून कर्जतला येणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत बारावीची पोरं मांडीवर गाइड उघडून बसलेली दिसतात. लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी. कर्जत येईस्तोवर इंटिग्रेशनची अख्खी एक्सरसाइज ‘वाचून’ होते. बोट ओळीवरून फिरतं, मान हलते, ‘हां, समजलं!’

पहिला गैरसमज या ‘समजलं’मध्येच आहे. सोडवलेलं गणित वाचणं वाईट नाही. प्रकार नवा असतो तेव्हा ते वाचायलाच हवं. पण दुसऱ्याने घातलेल्या पायऱ्या पटणं वेगळं आणि त्या आपल्याला सुचणं वेगळं. म्हणून दुसऱ्या खेपेला पुस्तक मिटायचं आणि कोरा कागद घ्यायचा. तिसऱ्या ओळीला पेन अडलं, की नेमकं काय येत नाही ते तिथेच कळतं. लोकलमध्ये लिहिता येत नाही, हे खरं. पण उत्तर हाताने झाकून ‘आता पुढची पायरी कोणती?’ एवढं तर स्वतःला विचारता येतं.

‘एक धडा घ्यायचा, त्याची सगळी गणितं एका दमात संपवायची, मग पुढचा.’ हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तो सर्वांत फसवा आहे. एक्स इंटू ई रेज टू एक्स आणि एक्स इंटू ई रेज टू एक्स स्क्वेअर, ही दोन इंटिग्रल शेजारी लिहून पाहा. दिसायला सख्खी भावंडं. पहिलं ‘बाय पार्ट्स’ने सुटतं, दुसरं एक्स स्क्वेअरच्या जागी टी ठेवला की दोन ओळींत. दुसऱ्याला बाय पार्ट्स लावायला गेलात, तर पान भरेल आणि गणित तिथल्या तिथे फिरत राहील. पुस्तकात एक्सरसाइजच्या डोक्यावर रीत छापलेली असते, त्यामुळे रीत ओळखायची सवयच होत नाही. बोर्डाच्या पेपरात ते डोकं नसतं.

दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७मध्ये हेच मोजून दाखवलं. कॉलेजच्या मुलांना चार घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एकेका प्रकाराची गणितं सलग केली, काहींनी मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली, तर सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले ६३ वर टिकले. सराव सोपा जातोय म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, तो यासाठी.

मराठी माध्यमातून दहावी केलेल्यांना सायन्सचं गणित झेपत नाही, असं आपल्याकडे बिनदिक्कत बोलतात. झेपत नाही ते गणित नव्हे, प्रश्नातली इंग्रजी. पाच दाणे पेरले, तर ‘ॲट मोस्ट’ दोन उगवण्याची प्रोबॅबिलिटी काढा, असं विचारलं की निम्मी मुलं फक्त दोनची काढून मोकळी होतात. शून्य, एक आणि दोन, तिन्हींची बेरीज करायची असते. यातल्याच एखाद्या मुलाचे वडील घरी ‘कर्जत-३’ भाताची उगवण पाहून ‘फार तर दोन दाणे उगवतील’ म्हणतात, तेव्हा त्यात एकही न उगवणं धरलेलं असतं, हे त्याला कोणी समजावत नाही. ‘ॲट लीस्ट’ म्हणजे निदान, ‘ॲट मोस्ट’ म्हणजे फार तर. असे पंधरा-वीस शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले, तर महिनाभरात अडचण उरत नाही.

प्रमेयं पाठ केली की झालं, हाही एक समज. लग्रांजचं मीन व्हॅल्यू थिअरम घोकलेलं मूल अट विचारली की गडबडतं. त्याला खालापूर टोलनाक्यावर न्यावं. समजा, तिथून पुढचे ५० किलोमीटर एका गाडीने २५ मिनिटांत तोडले. सरासरी वेग ताशी १२०. चालक कितीही शपथा घेऊ दे, ‘मी शंभराच्या वर गेलोच नाही’. प्रमेय सांगतं, की त्या २५ मिनिटांत एखाद्या क्षणी तरी काटा बरोबर १२० वर होता. आणि अटी? गाडी एका ठिकाणी गायब होऊन दुसरीकडे उगवत नाही, हे कंटिन्युअस. वाटेतल्या प्रत्येक क्षणी तिला काही ना काही ठरावीक वेग असतो, हे डिफरन्शिएबल.

कल्याणच्या क्लासशिवाय मार्क नाहीत, यावर मी वाद घालत नाही; फक्त कर्जतहून जाऊन-येऊन दोनेक तास लोकलमध्ये जातात. तेवढ्या वेळात घरी आठ-दहा गणितं कोऱ्या कागदावर होतात. अकरावी हे विश्रांतीचं वर्ष, असं मानणाऱ्यांनी एवढंच पाहावं, की सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

बोर्डाचा लेखी पेपर ८० मार्कांचा. फक्त शेवटचं उत्तर पाहून मार्क देतात, हे खरं नाही. मार्क पायऱ्यांना असतात, म्हणून अर्धवट सुटलेलं गणित खोडू नका. पण बहुपर्यायी १६ मार्कांत उलटी शिस्त आहे: पर्यायाचं अक्षर आणि उत्तर, दोन्ही लिहावं लागतं. नुसतं अक्षर लिहिलं तर शून्य. एकच प्रश्न दोनदा सोडवला तर पहिलाच धरतात. लिनियर प्रोग्रॅमिंगला ग्राफ पेपर मागत बसू नका. हाताने काढलेली कच्ची आकृती चालते.