‘दूध बंद’पासून दुधाच्या शिडीपर्यंत

गाईचं दूध एखाद्या तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं, याची ठळक नोंद १९०५ मध्ये बर्लिनचे बालरोगतज्ज्ञ हाइनरिख फिंकेलस्टाइन यांनी केली. वरचं दूध पोटात जाताच दगावलेल्या एका अर्भकाची ती हकिगत होती. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द वैद्यकात आणला. १९०८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आल्फ्रेड स्कोफिल्ड यांनी तेरा वर्षांच्या एका मुलाची कहाणी छापली. अंडं खाल्लं की त्याचा जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरांनी अंड्याचा अतिसूक्ष्म अंश गोळीतून द्यायला सुरुवात केली, मात्रा हळूहळू वाढवली आणि काही महिन्यांनी मुलगा अंडं पचवू लागला.

ही वाट पुढे जवळजवळ बुजली. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ दुधाच्या अ‍ॅलर्जीवर एकच आज्ञा होती : दूध बंद. ती चुकीची होती असं नाही. पण ती किती दिवस पाळायची, कोणी पाळायची आणि दुधाच्या जागी काय द्यायचं, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळायला फार वर्षं गेली, आणि त्याची किंमत लेकरांनी मोजली.

पर्यायाचा शोध आधी सुरू झाला. बाल्टिमोरच्या जॉन रूरा यांनी १९०९ मध्ये सोयाबीनचा आहार बाळांना देऊन पाहिला होता. १९२९ मध्ये बॉस्टनच्या हिल आणि स्टुअर्ट या डॉक्टरांनी दूध न सोसणाऱ्या बाळांसाठी सोयाबीनची खास पावडर तयार केली. १९४२ मध्ये अमेरिकेत ‘न्यूट्रामिजेन’ आलं. यात दुधातल्या केसीन या प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की बहुतेक बाळांचं शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखत नाही. चव कडवट, वास उग्र, पण तेच तत्त्व आजही वापरात आहे. ज्यांना हेही सोसत नाही त्यांच्यासाठी पुढे केवळ अमिनो आम्लांपासून केलेली पावडर आली.

दूध काढून घेतलं की काय काय निसटतं, हे मात्र ठेच लागल्यावर कळलं. १९७८-७९ मध्ये अमेरिकेत सोयाची एक प्रचलित पावडर पिणाऱ्या बाळांची वाढ खुंटू लागली, त्यांच्या रक्तातलं आम्ल-अल्कलीचं संतुलन बिघडलं. पावडरीत क्लोराइडच पुरेसं नव्हतं. त्यातून १९८० मध्ये अमेरिकेत बाळांच्या पावडरीत कोणते घटक किती असावेत, याचा कायदा झाला. तरी २००१ मध्ये तिथल्याच डॉक्टरांना पुन्हा लिहावं लागलं, की तांदळाच्या पेयावर वाढवलेलं एक लहान मूल सुजलेलं, क्वाशिऑर्करने ग्रासलेलं त्यांच्याकडे आलं होतं. दुष्काळी मुलखातला तो आजार सुखवस्तू देशात, आईबापांनी काळजीने निवडलेल्या पेयामुळे आला. आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत बदामाचं, ओटचं, तांदळाचं ‘दूध’ मांडलेलं दिसतं तेव्हा मला हीच नोंद आठवते. ही पेयं मोठ्यांच्या चहाला ठीक असतील, पण वर्षाच्या आतल्या बाळाचं पोषण त्यांवर होत नाही.

आपल्याकडे मात्र पहिला सल्ला असतो तो शेळीच्या दुधाचा. ‘शेळीचं दूध हलकं, ते देऊन बघ,’ हे आजी मायेनेच सांगते. इटलीतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या २६ मुलांना शेळीचं दूध काटेकोर चाचणीत दिलं, तर २४ जणांना त्याचाही त्रास झाला. या प्राण्यांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात, म्हणून म्हशीच्या दुधानेही सुटका होत नाही. ‘लॅक्टोज-फ्री’ डब्यानेही नाही : लॅक्टोज ही साखर, अ‍ॅलर्जी होते ती प्रथिनाची, आणि त्या डब्यात प्रथिनं जशीच्या तशी असतात.

निदान हा या इतिहासातला सर्वांत नाजूक भाग. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी आयजीई हे प्रतिपिंड शोधलं. दूध पोटात जाताच अंगावर गांधी का उठतात, ओठ का सुजतात, श्वास का कोंडतो, याचा त्यामुळे उलगडा झाला. पण दुसरा एक गट राहिलाच. या बाळांना काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी त्रास होतो. शीतून रक्त पडतं, उलट्या होतात, वजन वाढत नाही. रक्ताच्या आणि त्वचेच्या चाचण्यांत मात्र काहीच सापडत नाही. अशा बाळाचं निदान दूध काही आठवडे थांबवून, त्रास शमल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा देऊन पाहणं, यानेच होतं. दुसरा टप्पा बहुतेक घरी गाळला जातो. बाळ शांत झालं, कशाला पुन्हा उकरून काढायचं, ही भावना मी समजू शकते. पण रडणं वयाप्रमाणेही कमी होतं, आणि मग दुधाचा काही दोष नसलेलं मूल वर्षानुवर्षं दुधाविना राहतं.

अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आयांवर तर याचा दुहेरी भार पडतो. आईने खाल्लेल्या दह्यादुधातल्या प्रथिनाचा अत्यल्प अंश तिच्या दुधात उतरतो, पण बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही. गरज असेल तर आईने दूध टाळावं, पण स्तनपान सोडू नये. तिच्या स्वतःच्या कॅल्शियमची सोय मात्र त्याच दिवशी व्हायला हवी.

अतिनिदानाचा प्रश्न काल्पनिक नाही. इंग्लंडमध्ये २००६ ते २०१६ या काळात खास पावडरींच्या चिठ्ठ्या साधारण एक लाखावरून सहा लाखांवर गेल्या. खरी अ‍ॅलर्जी तितकी वाढल्याचा पुरावा नव्हता. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा मुद्दा उचलला आणि मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांचे पावडर कंपन्यांशी असलेले आर्थिक संबंधही मांडले. आपल्याकडे १९९२ चा शिशुदुग्धपर्याय कायदा आहे म्हणून डब्यांची उघड जाहिरात होत नाही. २०२० मध्ये भारतीय बालपचनतज्ज्ञांच्या संघटनेने या अ‍ॅलर्जीबाबत स्वतःची मार्गदर्शिकाही दिली. पण खास पावडरीचा महिन्याचा खर्च बऱ्यापैकी कमावत्या घराचंही कंबरडं मोडतो, म्हणून निदान अचूक असणं इथे अधिकच महत्त्वाचं आहे.

किती दिवस, या प्रश्नाचं उत्तर डेन्मार्कने दिलं. होस्ट आणि हालकेन यांनी १,७४९ नवजात बाळांचा मागोवा घेतला आणि १९९० मध्ये निष्कर्ष छापले. ३९ बाळांना, म्हणजे शंभरात सुमारे दोघांना, गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी निघाली. त्यांतली ५६ टक्के पहिल्या वाढदिवसापर्यंत, ७७ टक्के दुसऱ्यापर्यंत आणि ८७ टक्के तिसऱ्यापर्यंत बरी झाली. आयजीईवाल्या मुलांना पुष्कळदा जास्त वर्षं लागतात, काहींची अ‍ॅलर्जी टिकून राहते. तरीही ‘आता आयुष्यभर असंच’ असं आईला सांगणं या आकड्यांपुढे अन्यायाचं आहे. दर सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासून पाहणं हा उपचाराचाच भाग आहे.

तोवर ताटाचं काय? नाचणीचं नाव लगेच निघतं आणि ते योग्यच आहे : शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एक ते तीन वर्षांच्या मुलाची गरज दिवसाला ५०० मिलिग्रॅम. पण दोन वर्षांचं मूल एका वेळी खातं ते वाटीभर सत्त्व, त्यात नाचणी जेमतेम वीस ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम सत्तरच्या आसपास. तीळ सोसत असतील तर तिळकूट, राजगिरा, कॅल्शियम घातलेलं सोयाचं पेय, आणि तरी कमी पडलं तर डॉक्टरांनी ठरवलेलं औषध, अशी जोड लागते. प्रथिनांसाठी डाळ, अंडं, मासे.

आणि आपल्या घरात दूध नसलेला सण शोधावा लागतो. उष्टावणाची खीर, सत्यनारायणाचा शिरा, तळहातावर पडणारं पंचामृत, कोजागरी, वाढदिवसाचा केक. तुपात प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून तीव्र अ‍ॅलर्जीत वरणभातावरची धारही मोजावी लागते. बिस्किटाच्या पुड्यावर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसिनेट’ हे शब्द शोधण्याची सवय आयांनी आधी लावून घेतली. २०२० च्या लेबलिंग नियमांत दुधाचा उल्लेख अ‍ॅलर्जीकारक घटक म्हणून ठळकपणे करणं आलं. हलवायाच्या सुट्या मिठाईवर मात्र लेबल नसतं.

मग २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या आना नोव्हाक-वेग्झिन यांनी जुनी बुजलेली वाट नव्याने उघडली. मैद्यात कालवून १८० अंशांवर अर्धा तास भाजलेल्या मफिनमधलं दूध बहुसंख्य अ‍ॅलर्जिक मुलांना सोसलं. यातून इंग्लंडमध्ये २०१३ पासून ‘दुधाची शिडी’ रूढ झाली : आधी बिस्किट, मग मफिन, पॅनकेक, चीज, दही आणि शेवटी दूध. ती मुख्यतः उशिरा, सौम्य त्रास होणाऱ्या मुलांसाठी आहे. ज्याचा श्वास एकदा कोंडला आहे त्याने घरी हा प्रयोग करायचा नाही. त्याची चाचणी रुग्णालयातच, अ‍ॅड्रेनलिन हाताशी ठेवून व्हायला हवी.

ही शिडी जशीच्या तशी आपल्या स्वयंपाकघरात उतरत नाही. आपण दूध उकळतोच, पण नुसत्या उकळण्याने केसीन फारसं बदलत नाही. दुधात भिजवलेली दशमी तव्यावर काही मिनिटांत होते, भट्टीतल्या अर्ध्या तासाची बरोबरी तिला करता येत नाही. म्हणून दशमीची जागा पहिल्या पायरीवर नाही, पुष्कळ वर आहे. खालच्या पायरीसाठी घरचा ओव्हन किंवा बेकरीतलं, दुधाचं प्रमाण नेमकं माहीत असलेलं बिस्किट लागेल. नानकटाईत तूप असतं, दूध बहुधा नसतं, तेव्हा ती सोसली म्हणून बाळ एक पायरी चढलं असं धरता येणार नाही. २०२४ मध्ये अमेरिकेने ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन वर्षावरच्या मुलांसाठीही मंजूर केलं. चुकून पोटात गेलेल्या अंशाने होणारी प्रतिक्रिया त्याने सौम्य होते, पण ते घेतानाही दूध टाळावंच लागतं. आपल्या बहुतेक मुलांना त्याहून आधी हवी आहे ती मराठी पदार्थांची, तपासून घेतलेली शिडी आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेला कागद.