एका फुटाला अर्धा इंच

झाशी शहराच्या जुन्या तटाला जे दरवाजे होते, त्यांपैकी एक ओरछा गेट. ओरछ्याकडे जाणारी वाट तेथून निघे, म्हणून त्याला हे नाव पडले. वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी अठराव्या शतकात मराठी वस्ती वाढली. १८५८ च्या वसंतात सर ह्यू रोजच्या तोफा याच शहरावर रोखल्या गेल्या. हत्ती, घोडे, मेणे आणि बैलगाड्या यांच्यासाठी बांधलेल्या अशा दरवाजाजवळ आज मोटार उभी राहिली, तर एक गोष्ट सहज लक्षात येते. मोटार शेजारी असली म्हणजे कमान किती उंच आहे ते कळते, आणि कमान शेजारी असली म्हणजे मोटार किती ठेंगणी आहे ते कळते. दोन वस्तूंमधील या नात्याला प्रमाण म्हणतात. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून आणि रंगवून खऱ्या मोटारीची हुबेहूब छोटी प्रतिकृती तयार करण्याचा जो छंद जगभर पसरला आहे, तो सर्वस्वी या प्रमाणावर उभा आहे.

महाराष्ट्रातील मुलांना प्रतिकृतीची कला नवी नाही. दिवाळीत अंगणात दगडमातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव पेरले जाते, आणि बाजारातून आणलेले मावळे पहाऱ्यावर बसतात. पण पुष्कळदा या किल्ल्यावरील मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो, आणि सिंहासनावरील महाराज सबंध बुरुजाएवढे असतात. बालमनाला त्याची खंत नसते, आणि ती नसावी हेच योग्य. तो किल्ला भक्तीचा असतो; तेथे जो मोठा तो मोठाच दिसला पाहिजे. प्रतिकृतीचा कायदा मात्र निराळा आहे. तेथे राजाला आणि दरवाजाला एकच फूटपट्टी लागते. खेळणे आणि प्रतिकृती यांतील फरक सामानाचा किंवा किमतीचा नसून या फूटपट्टीचा आहे.

मोटारींच्या प्रतिकृतींमध्ये १:२४ हे प्रमाण फार रूढ आहे. ते कोठून आले? इंग्रजी मापांत एक फूट म्हणजे बारा इंच. खऱ्या वस्तूच्या एका फुटाला प्रतिकृतीत अर्धा इंच धरला, की चोविसावा हिस्सा आपोआप होतो. साडेपाच फूट उंचीचा माणूस या जगात पावणेतीन इंचांचा होतो. हिशेब इतका सोपा, की तो चालता चालता मनात करता यावा.

प्लॅस्टिकच्या संचांचा इतिहास फार जुना नाही. १९३६ मध्ये इंग्लंडात ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने विमानांचे संच निघाले. ते सेल्युलोज ॲसिटेटचे होते आणि कालांतराने त्यांचे भाग वाकत. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन आले आणि ही अडचण दूर झाली. हे प्लॅस्टिक उष्णतेने पातळ होते, पोलादी साच्यात दाबाने शिरते, आणि थंड होताना साच्यातील केसाएवढी रेघही उचलते. अमेरिकेत १९५८ मध्ये एएमटी कंपनीने १:२५ प्रमाणातील मोटारींचे संच बाजारात आणले, आणि खऱ्या मोटारीच्या नव्या नमुन्याबरोबर तिची छोटी आवृत्तीही मुलांच्या हाती पडू लागली. पोलादी साचा मात्र अतिशय खर्चिक असतो. हजारो संच खपतील अशी खात्री असल्यावाचून कोणी तो करीत नाही. यामुळेच परदेशी शर्यतींच्या गाड्या खोक्यांत मुबलक मिळतात, आणि भारताच्या रस्त्यांनी अर्धशतक अंगाखांद्यावर वागवलेल्या गाड्या क्वचितच सापडतात. अशा गाडीची प्रतिकृती हवी असेल, तर हौशी कारागीर पॉलिस्टायरीनचे पातळ पत्रे कापून ती स्वतः घडवतो.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घेता येईल. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या जातीच्या मोटारी तयार होऊ लागल्या, आणि १९७० नंतरच्या दशकात त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळाले. काळे अंग आणि पिवळा टप असलेली ही गाडी टॅक्सीच्या रूपाने मुंबईची ओळख होऊन बसली. तिचे उत्पादन शतक पालटण्याच्या सुमारास थांबले, आणि वयोमर्यादा भरल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. ज्या गाडीचा दरवाजा कसा लागे, गिअरचा दांडा सुकाणूच्या चक्राजवळ कसा असे, मीटर बाहेर कोठे बसवलेले असे, हे लाखो लोकांना तळहाताच्या रेषांसारखे ठाऊक होते, ती गाडी पुढच्या पिढीला केवळ छायाचित्रांतून भेटणार. छायाचित्राला दोनच मिती असतात. प्रतिकृतीभोवती मात्र फिरता येते.

पद्मिनीची लांबी तेरा फुटांना किंचित कमी, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे साडेसहा इंच. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सात फूट आठ इंच. ते पावणेचार इंचांहून थोडे अधिक होते. अशी मापे कागदावर मांडल्यावरच हत्यार हातात घ्यावे. संच विकत घेतलेला असेल, तर पहिले काम अगदी घरगुती आहे: सर्व भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुवून वाळवणे. साच्यातून सुटताना भागांवर तेलकट अंश राहिलेला असतो, आणि त्यावर रंग धरत नाही. भाग सांगाड्यापासून पिळून तोडू नयेत. धारदार चिमट्याने थोडे अंतर ठेवून कापावेत आणि उरलेला खुंट पात्याने हळूहळू छाटावा. साच्याची दोन अंगे जेथे मिळतात, तेथे प्रत्येक भागावर एक बारीक उंचवटा राहतो. खऱ्या मोटारीवर अशी रेघ नसते. म्हणून ती खरवडून काढावी लागते.

जोडकामात चिकटवणे हा शब्द खरे पाहता चुकीचा आहे. पॉलिस्टायरीनसाठी जे पातळ द्रावण वापरतात, ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवते. द्रावण उडून गेले, की दोन भागांचे प्लॅस्टिक एकजीव होते. हे एका परीने थंड सांधकामच आहे. दोन भाग नीट जुळवून धरावेत आणि कुंचल्याचे टोक फटीला टेकवावे. पातळ द्रव आपोआप फटीत ओढला जातो. सांध्यावर आधीच रंग असेल, तर द्रावण केवळ रंगाशी झुंजते आणि जोड कच्चा राहतो. काचांच्या बाबतीत सावधगिरी दुप्पट हवी. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढुरके सावट येते. तेथे सुतारकामाचा पांढरा गोंद बरा. तो वाळल्यावर पारदर्शक होतो.

सांध्यातील फटी लांबीने भराव्यात आणि पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासाव्यात. आधी जाड, मग अधिकाधिक बारीक. त्यानंतर राखाडी प्रायमरचा पातळ हात द्यावा. प्रायमरचा खरा उपयोग सत्य सांगण्याचा आहे. कोऱ्या प्लॅस्टिकवर न दिसलेला प्रत्येक ओरखडा राखाडी रंगाखाली स्पष्ट दिसतो. येथे पुष्कळांचा धीर सुटतो. चमकदार रंगाने दोष झाकला जाईल अशी आशा वाटते; पण चमकदार रंग दोष झाकीत नाही, त्याची जाहिरात करतो.

रंगकाम हा या कलेचा कस. खऱ्या मोटारीच्या दरवाजाची फट सुमारे पाच मिलिमीटर असते. प्रतिकृतीत ती मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी होते. खऱ्या गाडीवरील रंगाचे सगळे थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरतात. त्याचा चोविसावा भाग करू शकेल असा कुंचला जगात नाही. म्हणजे प्रतिकृतीवरचा रंग प्रमाणाच्या मानाने नेहमीच जाड असणार. दोन हात जाड बसले, की दरवाजाची रेघ बुजते आणि मोटार साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. यावर उपाय एकच: पातळ रंग, अनेक थर आणि मधली प्रतीक्षा. फवारा गाडीच्या अलीकडे सुरू करावा, एका चालीने अंगावरून न्यावा आणि पलीकडे थांबवावा. मध्येच थबकले तर ओघळ येतो. फार दुरून मारला तर कण हवेतच सुकून पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो.

काळ्यापिवळ्या टॅक्सीला आणखी एक नियम लागतो: फिकट रंग आधी, गडद नंतर. पिवळ्याखाली शक्य तर पांढरे अस्तर असावे, कारण पिवळ्याची झाकण्याची शक्ती कमी. टप पिवळा करून पूर्ण वाळू द्यावा, चिकटपट्टीने नीट झाकावा आणि मग काळा द्यावा. रंगांचेही आपापसांत पटावे लागते. लॅकरवर इनॅमल चालते. पण कच्च्या इनॅमलवर लॅकर दिले, तर त्यातील तीव्र थिनर खालचा थर सुरकुतवतो आणि आठवड्याची मेहनत मिनिटात जाते. हे सर्व काम मोकळ्या हवेत, तोंडावर योग्य मुखवटा बांधून करावे. छंदासाठी फुप्फुसे गहाण ठेवू नयेत.

शेवटी येतात जाळी, दिवे, पट्ट्या आणि मीटर. अति झगमगाट येथेही टाळावा. दिवसभर धुळीत धावणारी टॅक्सी दागिन्यासारखी लखलखत नाही. चाकांवर मातीची हलकी झाक आणि पायदानावर झिजलेला रंग आला, म्हणजे ती गाडी कोणाची तरी आहे असे वाटू लागते.

अशी गाडी पूर्ण झाल्यावर तिच्या शेजारी त्याच प्रमाणात ओरछा गेटजवळच्या तटाचा तुकडा पुठ्ठ्याने उभारून पाहावा. १८५८ च्या वेढ्याच्या इंग्रजी वृत्तांतात शहराच्या तटाची उंची अठरा ते तीस फूट आणि जाडी सहा ते बारा फूट दिली आहे. म्हणजे प्रतिकृतीत उंची नऊ ते पंधरा इंच, आणि जाडी तीन ते सहा इंच. साडेसहा इंचांची पद्मिनी त्या तटाला आडवी टेकवली, की ध्यानात येते: जेथे तट सर्वांत जाड होता, तेथे जवळजवळ अख्खी मोटार त्याच्या पोटात मावली असती. बारा फूट हा आकडा इतिहासाच्या पानावर अनेकांनी वाचला असेल. पण तो भिंत होऊन डोळ्यांसमोर उभा राहतो तो या क्षणी. तोफांना काय फोडावे लागले आणि आतल्या माणसांनी कशाच्या भरवशावर तग धरला, हे अर्ध्या इंचाचे माप सांगून जाते.

मोटार मोडीत जाते, तट ढासळतो, माणसे निघून जातात. मागे राहणाऱ्यांच्या हाती मापे असतात. ती प्रामाणिकपणे पाळली, तर साडेसहा इंचांच्या प्लॅस्टिकमध्येही एक काळ त्याच्या खऱ्या आकाराने उभा राहतो.